विष म्हणून ओळख झालेले पोषकद्रव्य

मराठीत ‘मात्रा’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. सहाणेवर उगाळून चाटवावयाचे औषध ती मात्रा, आणि ते किती द्यावयाचे ते प्रमाण तीही मात्राच. औषधाला आणि त्याच्या प्रमाणाला एकाच नावाने संबोधणार्‍या भाषेतील वाचकाला सेलेनियम या मूलद्रव्याची कथा समजण्यास फारसे कष्ट पडू नयेत. पाश्चात्य शास्त्राला मात्र ती उमगावयास सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली. मनुष्याच्या सबंध देहात हे द्रव्य असते अवघे दहा-वीस मिलिग्रॅम. तराजूत घातले तर काटाही हलणार नाही एवढे. ते फार कमी पडले तर हृदयाचे स्नायू निकामी होतात आणि फार वाढले तर केस व नखे गळून पडतात. या दोन संकटांमधील वाट अरुंद आहे, आणि ती कोठून जाते हे पुष्कळ ठिकाणी माणसाच्या हाती नसून त्याच्या पायांखालच्या मातीच्या हाती असते.

या द्रव्याचा शोध इ. स. १८१७ मध्ये स्वीडनमध्ये लागला. ग्रिप्सहोल्म येथे गंधकाम्लाचा एक कारखाना होता. फालुनच्या खाणीतील लोहमाक्षिक जाळून तेथे आम्ल तयार केले जाई, आणि शिशाच्या कोठ्यांच्या तळाशी तांबूस गाळ साचत असे. या गाळात सोमल असावा अशी पहिली समजूत झाली. कारखान्यात भागीदारी असलेले प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ यॉन्स याकोब बर्झेलियस यांनी आपले सहकारी योहान गॉटलीब गान यांच्यासह त्या गाळाची परीक्षा केली. जाळल्यावर येणार्‍या उग्र वासावरून तो टेल्युरियम असावा असे त्यांना वाटले. परंतु अधिक कसून पाहता ते एक नवेच मूलद्रव्य निघाले. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून पडले होते. तेव्हा त्याच्या या भावंडाला बर्झेलियस यांनी ग्रीकांच्या चंद्रदेवतेचे, सेलिनीचे, नाव दिले. नावाइतके हे द्रव्य शीतल नव्हते. त्याच्यापासून निघणारा वायू अगदी थोडा हुंगला गेला, तरी बर्झेलियस यांचे घ्राणेंद्रिय काही तास निकामी झाले आणि पुढे बरेच दिवस पडशाने त्यांचा पिच्छा पुरवला.

सेलेनियमचा हा पहिला परिचय रसायनशाळेतला. त्याचा दुसरा परिचय झाला तो घोड्यांच्या खुरांतून, आणि तेथे त्याला ओळखणारे कोणी नव्हते. अमेरिकेच्या मिसूरी नदीकाठी फोर्ट रँडल नावाचा लष्करी तळ होता. १८५० नंतरच्या दशकात तेथील घोडदळाची जनावरे एकाएकी खंगू लागली. त्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस झडत, पाय हुळहुळे होत, खूर फुटत आणि अखेर घोडे उपासाने मरत. कारण खूर गेलेल्या घोड्याला चरण्यासाठी चालताही येत नसे. लष्करी शल्यवैद्य मॅडिसन यांनी या रोगाचे वर्णन लिहून ठेवले व ते १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्या माळरानावर शेतकरी येऊन वसले. त्यांनाही तोच अनुभव आला. पाण्यातील खारामुळे हे होत असावे असे मानून त्यांनी त्याला ‘अल्कली रोग’ असे नाव दिले. नाव चुकीचे होते, पण एकदा नाव पडले की कारण सापडल्यासारखे वाटते, आणि त्या वाटण्यात सत्तर वर्षे गेली.

मार्को पोलोच्या तेराव्या शतकातील प्रवासवर्णनातही पश्चिम चीनमधल्या एका डोंगराळ मुलखाविषयी असाच उल्लेख आहे. तेथील एक वनस्पती खाल्ली की जनावरांचे खूर गळतात, आणि स्थानिक जनावरे तिला तोंड लावीत नाहीत असे तो सांगतो. तो रोग सेलेनियमचाच होता असे अनेकांनी लिहिले आहे, परंतु विद्वानांत त्याविषयी एकमत नाही. सातशे वर्षांमागच्या घोड्याची शवपरीक्षा होणे नाही. तेव्हा तो साक्षीदार बाजूस ठेवलेला बरा.

१९३० नंतर दक्षिण डाकोटामधील कृषी संशोधन केंद्रात कुर्ट फ्रँके यांनी या रोगाचा छडा लावला. दोष पाण्यात नव्हता, धान्यात होता. त्या भागात पिकलेला गहू व मका खाऊ घातल्यावर उंदीर खंगत, कोंबड्यांची अंडी उबत नसत, आणि उबलीच तर विद्रूप पिल्ले निघत. धान्यातील ते विष म्हणजे सेलेनियम हे १९३४ पर्यंत निश्चित झाले. शेजारच्या वायोमिंगमध्ये बीथ यांनी दाखवून दिले की वाटाण्याच्या कुळातील काही रानटी वनस्पती हे द्रव्य जमिनीतून शोषून अंगी साठवितात आणि जेथे त्या उगवतात तेथील जमीन विषारी समजावी. पुढे १९४३ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगावरून सेलेनियममुळे यकृताचा कर्करोग होतो असा निष्कर्ष निघाला. आता तर त्याच्यावर विषाचा शिक्का कायमचाच बसला. विजेच्या उपकरणांत, छायाचित्रकारांच्या प्रकाशमापकांत त्याला मान होता, परंतु अन्नात त्याचे नावही नको अशी स्थिती झाली.

अशा वेळी १९५७ साल उजाडले. क्लाउस श्वार्त्स हे जर्मन शास्त्रज्ञ अमेरिकेतील बेथेस्डा येथे संशोधन करीत होते. विशिष्ट जातीच्या यीस्टवर पोसलेल्या उंदरांची यकृते नासतात, हे त्यांनी पूर्वी जर्मनीत पाहिले होते. अमेरिकन मद्यशाळांतील यीस्ट दिल्यास तसे होत नसे. म्हणजे पहिल्या यीस्टमध्ये विष नव्हते, तर दुसर्‍यात असलेले काहीतरी संरक्षक द्रव्य पहिल्यात नव्हते. त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी ‘घटक तीन’ असे नाव दिले. डुकराच्या मूत्रपिंडांपासून तो घटक वेगळा करीत करीत श्वार्त्स व त्यांचे सहकारी कॅल्विन फोल्ट्झ शेवटी येऊन पोहोचले ते सेलेनियमपाशी! ज्याने यकृत बिघडते असा आरोप होता, तेच यकृत वाचवीत होते. लवकरच ऑरेगॉनमधील संशोधकांनी दाखविले की कोकरांचे स्नायू पांढरे पडून ती दगावतात तो रोगही सेलेनियमच्या अभावाचा आहे.

शोध लागला तरी शिक्का पुसला गेला नाही. कर्करोगकारक ठरलेले कोणतेही द्रव्य खाद्यात घालण्यास अमेरिकन कायदा आडवा येत होता. कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्यात अत्यल्प सेलेनियम मिसळण्याची परवानगी मिळावयास १९७४ साल उजाडावे लागले. दरम्यान १९७३ मध्ये शरीरातील त्याचे एक निश्चित कार्यही सापडले होते. पेशींत सतत निर्माण होणार्‍या दाहक पेरॉक्साइडांचा नाश करणार्‍या एका विकराच्या केंद्रस्थानी सेलेनियम असते. पुढील तीन दशकांत कळले की ज्यांच्या घडणीसाठी सेलेनियम अपरिहार्य आहे अशा प्रथिनांची पंचवीस जनुके मनुष्यात आहेत, आणि अवटू ग्रंथीच्या अंतःस्रावाला कार्यक्षम रूप देणारी विकरेही त्यांतलीच. हे सारे उंदरांच्या पिंजर्‍यांत व परीक्षानळ्यांत घडत होते. माणसाच्या जिवाचा प्रश्न पुढे आला तो चीनमध्ये.

चीनच्या ईशान्य टोकास केशान नावाचा परगणा आहे. १९३५ च्या हिवाळ्यात तेथे एका भयंकर रोगाची साथ आली. धडधाकट माणसाच्या छातीत एकदम कासावीस होई, पिवळे पाणी ओकले जाई आणि काही तासांत तो संपे. गावकरी त्याला पिवळे पाणी ओकण्याचा रोगच म्हणत. शवपरीक्षेत हृदयाचे स्नायू जागोजाग मेलेले आढळत. बाधा विशेषेकरून होई ती प्रजननवयातील स्त्रियांना व लहान मुलांना. पुढे ध्यानात आले की हा रोग केशानपुरता नाही. ईशान्येकडील मंचुरियापासून नैर्ऋत्येकडील युन्नानपर्यंत एका लांब तिरप्या पट्ट्यात तो पसरला आहे. चुलीच्या धुरापासून जंतूपर्यंत नाना तर्क झाले. पण दोन गोष्टींचा उलगडा कोणत्याच तर्काने होईना. एक तर रोग शेतकरी कुटुंबांतच होई; त्याच गावी राहणार्‍या, परंतु बाहेरून आलेले धान्य खाणार्‍या नोकरदारांची मुले सुरक्षित राहत. आणि दुसरे असे की त्याच पट्ट्यातील कोकरांना पांढर्‍या स्नायूंचा रोग होत असे.

कोकरांनी दिलेली ही खूण चिनी वैद्यांनी ओळखली. सिचुआन प्रांतातील मियाननिंग परगण्यात १९७४ मध्ये त्यांनी एक ते नऊ वर्षांच्या मुलांना सोडियम सेलेनाइटची गोळी आठवड्यातून एकदा देण्यास आरंभ केला; लहानांना अर्धा मिलिग्रॅम, मोठ्यांना एक. तुलनेसाठी दुसर्‍या गटाला दिसावयास सारखी पण निरुपद्रवी गोळी दिली. पहिल्या वर्षी गोळी न मिळालेल्या ३९८५ मुलांपैकी ५४ जणांना रोग झाला. मिळालेल्या ४५१० पैकी १० जणांना. दुसर्‍या वर्षी ५४४५ पैकी ५२, आणि इकडे ६७६७ पैकी अवघ्या ७. दोन वर्षांचे हे आकडे पाहिल्यावर तुलनेचा गट तसाच ठेवणे कोणाच्याही मनाला पटले नसते. १९७६ पासून तो मोडून सर्वांनाच औषध देण्यात आले, आणि १९७७ मध्ये बारा हजारांहून अधिक मुलांत एकही नवा रोगी आढळला नाही. ज्यांच्या वाट्याला पहिली दोन वर्षे निरुपद्रवी गोळी आली त्यांतील अनेक मुले दगावली. शास्त्राला खात्री हवी असते आणि ती अशी कोणाच्या तरी हिशेबी मांडली जाते, ही गोष्ट या कोष्टकातील आकडे वाचताना विसरता येत नाही.

तथापि केवळ अभावाने सारे स्पष्ट होत नव्हते. अभाव बारमाही, पण रोग उत्तरेत हिवाळ्यात आणि दक्षिणेत उन्हाळ्यात उसळे. काही वर्षी फार, काही वर्षी थोडा. रोग्यांच्या शरीरांत कॉक्सॅकी जातीचे विषाणू सापडले होते. १९९५ मध्ये अमेरिकेत मेलिंडा बेक व सहकार्‍यांनी या विषाणूचा एक निरुपद्रवी वाण सेलेनियम न मिळालेल्या उंदरांच्या अंगात सोडला, तेव्हा त्या विषाणूच्या जनुकांतच फरक पडून तो हृदयघातक बनला. बदललेला तो विषाणू नंतर सुपोषित उंदरांनाही बाधला! उपाशी देहात रोगी दुबळा होतो हे ठाऊक होते. पण तेथे रोगच सबळ होतो ही गोष्ट नवी होती.

याच चीनमध्ये, केशानच्या पट्ट्याबाहेर, हुबेई प्रांताच्या डोंगरांत एन्शी नावाचा मुलूख आहे. १९६१ ते १९६४ या काळात तेथील काही खेड्यांतील लोकांचे केस मुळाशी ठिसूळ होऊन तुटू लागले. नखांवर ठिपके पडत, ती गळत, त्या जागी वेडीवाकडी नखे येत. नव्या केसांना रंग नसे. सर्वाधिक पीडित अशा पाच खेड्यांत अवघे २४८ लोक राहत होते आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना हा विकार जडला. हे काय असावे याचा खुलासा यांग ग्वांगची व सहकार्‍यांनी १९८३ मध्ये जगापुढे मांडला. तेथील डोंगरांत सेलेनियमने भरलेल्या दगडी कोळशाचे थर आहेत. ऊन-पावसाने झिजून ते द्रव्य शेतांत उतरे. जमिनीत चुना घालण्याच्या रिवाजामुळे ते पिकांना अधिकच सुलभ होई. एरवी लोक भात खात, त्यात हे प्रमाण कमी असे. परंतु अवर्षणाने भात बुडाला आणि मका व भाजीपाला यांवर गुजराण करण्याची पाळी आली, तेव्हा दुष्काळाबरोबर विषबाधाही घरात शिरली.

यांग यांच्या निबंधातील आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. केशान रोगाच्या प्रदेशात माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी ११ मायक्रोग्रॅम सेलेनियम जाई. पेकिंगमध्ये ११६. एन्शीच्या पीडित खेड्यांत जवळजवळ ५,०००! एका देशातील, सारखेच कष्ट करणार्‍या, सारख्याच गरीब शेतकर्‍यांच्या ताटांत चारशे-साडेचारशे पटींचा फरक होता, आणि ताटाकडे पाहून तो कोणाला दिसला नसता. दोन्ही ठिकाणच्या लोकांचा दोष एकच होता, तो हा की आपल्या शेतात पिकेल तेच ते खात होते. शहरातील मनुष्य दहा गावांचे धान्य खातो. त्याच्या पोटात दहा मातींचे दोष एकमेकांना काटतात. मागासलेपणाचे लक्षण म्हणून हिणविली जाणारी स्वावलंबी शेती येथे वेगळ्याच कारणाने घातक ठरली, आणि तीत आळसाचा वा अज्ञानाचा काही संबंध नव्हता.

फिनलंडने या प्रश्नाचा विचार सार्‍या राष्ट्राच्या पातळीवर केला. तेथील जमीन आम्लधर्मी. तीतील सेलेनियम पिकांना मिळत नाही. १९७० नंतरच्या दशकात तेथील माणसाला दिवसाला सुमारे २५ मायक्रोग्रॅमच मिळे. पीक बुडून अमेरिकेचा गहू आयात करावा लागला की तेवढ्यापुरता हा आकडा वाढे, हे तेथील शास्त्रज्ञांच्या दृष्टीस आले होते. १९८४ मध्ये शासनाने निर्णय घेतला की धान्यपिकांच्या खतांत किलोमागे १६ मिलिग्रॅम सेलेनियम मिसळावे. काही वर्षांतच लोकांचे दैनिक सेवन शंभर मायक्रोग्रॅमच्या वर गेले; तेव्हा १९९० मध्ये खतातील प्रमाण घटविण्यात आले, आणि पुढे मोजमाप पाहून पुन्हा थोडे वाढविण्यात आले. त्या काळात फिनलंडमधील हृदयविकार कमी झाला खरा, परंतु तो आधीपासूनच कमी होऊ लागला होता आणि आहारातही इतर सुधारणा झाल्या होत्या; तेव्हा त्याचे श्रेय सेलेनियमला देता येत नाही. ते घेण्याचा मोह फिनिश शास्त्रज्ञांनी टाळला, ही त्यांच्या शिस्तीची खूण होय.

सर्वांनाच असा मोह टाळता आला नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. त्वचेचा कर्करोग पुन्हा होऊ नये म्हणून १३१२ रोग्यांपैकी काहींना दररोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम देण्यात आले होते. त्वचेच्या कर्करोगावर परिणाम झाला नाही, पण प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग त्या गटात कमी आढळला. झाले! विषाचे एकदम अमृत बनले आणि गोळ्यांची बाजारपेठ फुलली. खात्री करून घेण्यासाठी २००१ मध्ये ३५ हजारांहून अधिक पुरुषांची एक प्रचंड चाचणी सुरू झाली. ती २००८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण लाभ काहीच दिसेना. त्यापूर्वीच, २००७ मध्ये, १९९६ च्या चाचणीतील माणसांची पुन्हा छाननी झाली होती आणि सेलेनियम घेणार्‍यांत मधुमेह अधिक निघाला होता. २०१४ मध्ये तर असे दिसून आले की ज्यांच्या शरीरात सेलेनियम मुळातच भरपूर होते, त्यांच्यात वरून दिलेल्या गोळीने उग्र स्वरूपाच्या प्रोस्टेट कर्करोगाचा धोका वाढला.

इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या मार्गारेट रेमन यांनी २०१२ मध्ये या सार्‍या विरोधी निकालांची सांगड घातली. रक्तातील पातळी कमी असणार्‍यास सेलेनियम उपकारक ठरते. पण रक्तद्रवात लिटरमागे १२२ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असणार्‍याने ते वरून घेऊ नये. अमेरिकनांचा गहू सेलेनियमयुक्त जमिनीत पिकलेला. त्यांना गोळीची गरजच नव्हती. दाराशी विहीर असणार्‍याने घागरभर पाणी विकत घ्यावे, आणि तेही ओसरीवर सांडून पाय घसरावा, असा हा प्रकार झाला. उलट बाजूचेही उदाहरण आहे. आफ्रिकेतील काँगोच्या उत्तर भागात आयोडीन व सेलेनियम या दोहोंचा अभाव होता. १९९० च्या सुमारास आयोडीनच्या आधी सेलेनियम दिले गेले, तेव्हा अवटू ग्रंथी दुबळ्या असलेल्या मुलांची प्रकृती सुधारण्याऐवजी खालावली. मात्रेबरोबर क्रमही महत्त्वाचा ठरला.

गोळ्यांच्या हिशेबातील चुकीने काय होते हे २००८ मध्ये अमेरिकेतच दिसले. एका द्रवरूप पूरक औषधात सांगितल्याच्या सुमारे दोनशे पट सेलेनियम पडले होते. दोनशे माणसांचे केस गेले, नखे गेली, सांधे दुखले. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात पोलोच्या सामन्यापूर्वी मिश्रण चुकलेल्या टोचणीने २१ घोडे दगावले. फोर्ट रँडलच्या घोड्यांना विष माळाने दिले होते. यांना ते माणसाने दिले.

भारतातही हा प्रश्न दूरचा नाही. पंजाबात होशियारपूर व नवांशहर या जिल्ह्यांत, शिवालिकच्या पायथ्याशी, सुमारे हजार हेक्टर जमीन सेलेनियमने बाधित आहे. पावसाळी ओढ्यांच्या पुराने डोंगरातील माती तेथे आणून टाकली. म्हशींच्या शेपट्या सडणे, खूर गळणे हे प्रकार पंजाबात जुनेच आहेत. १९३० नंतर आज पाकिस्तानात असलेल्या भागातील एका ओढ्यावरून त्याला ‘देगनाळा’ असे नाव पडले, आणि तो रोग सेलेनियमचा की पेंढ्यावरील बुरशीचा यावर पशुवैद्यांत पुष्कळ वाद झाला. बाधित खेड्यांत मात्र शंकेला जागा नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील संशोधकांनी १९८० नंतर तेथील माती, गहू व पेंढा यांची वर्षानुवर्षे तपासणी केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढ माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे; या खेड्यांत घरचेच धान्य खाणार्‍यांच्या पोटात त्याच्या दसपटीहून अधिक जात असल्याचे आढळले. भातामागून गहू आणि त्यासाठी कूपनलिकांचे पाणी, या फेर्‍यात जमिनीतले सेलेनियम पुन्हा पुन्हा वर येत राहते.

उपाय साधा निघाला. पिकांच्या मुळांना सेलेनियम व गंधक यांत भेद करता येत नाही. दोन्ही एकाच वाटेने आत शिरतात. म्हणून शेतात जिप्सम पसरतात. त्यातील गंधक मुळांशी गर्दी करतो आणि सेलेनियमला आत जाण्यास वाव कमी उरतो. गहू व चारा यांतील त्याचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय घटते. जोडीला जनावरांचा चारा बाहेरगावचा मिसळून घालावा, आणि घरातल्या पिठातही बाहेरचा गहू असावा, असे तेथील शेतकर्‍यांना सांगण्यात येते.